नकाशावर न लिहिलेला डोह

गेल्या वर्षी होळीच्या सुमारास आम्हांला गडचिरोलीहून एक पत्र आले. हल्ली टपालाने येतात ती बिले आणि लग्नपत्रिका; त्यामुळे पाकिटावरचे ते हाताने लिहिलेले अक्षर आम्ही बराच वेळ न्याहाळीत बसलो. पत्र लिहिणारी मुलगी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची कन्या. वडिलांना आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातील एका शाळेत भूगोल शिकविला होता. मुलगी माशांवर संशोधन करते. तिने लिहिले होते, "सर, तुम्ही कागद चुरगळून, त्यावर शाई शिंपडून पाणलोट शिकवीत होता, असे बाबा अजून सांगतात. इथे दुर्मीळ होत चाललेल्या माशांच्या ठिकाणांचा आम्ही नकाशा करीत आहोत. गावकऱ्यांना तो खेळ दाखवायला याल का?"

खेळ अगदी साधा आहे. एक जाड कागद मुठीत चुरगळायचा, पुन्हा अर्धवट उलगडून टेबलावर ठेवायचा आणि त्याच्या उंचवट्यांवर पातळ केलेली निळी शाई थेंब थेंब सोडायची. शाई सुरकुत्यांच्या उतारावरून धावत खोलगट जागी साचते. ज्या धारेवर पडलेला थेंब कधी इकडे तर कधी तिकडे वाहतो, ती धार म्हणजे जलविभाजक. दोन धारांच्या मधले सगळे अंगण ज्या एका ओहोळाला पाणी देते, ते त्या ओहोळाचे पाणलोट क्षेत्र. पुस्तकातील व्याख्या मुले परीक्षेनंतर विसरतात, पण बोटांना लागलेली शाई त्यांना आठवते, एवढाच आमचा अनुभव.

जावे की न जावे या विचारात आमचे आठ दिवस गेले. घरच्यांना आम्ही वयाचे कारण सांगितले. खरे कारण निराळे होते, आणि ते तीस वर्षांहून अधिक काळ आम्ही कुणापाशी बोललो नव्हतो. शेवटी सौभाग्यवतींनीच बॅग भरून दारात ठेवली. "मुलीने एवढ्या मायेने बोलावले आहे, तर नाही म्हणू नये," एवढेच त्या म्हणाल्या.

आम्ही त्या मुलखात प्रथम गेलो ते १९८८ साली. तेव्हा गडचिरोली हा जिल्हा म्हणून अवघा सहा वर्षांचा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून तो वेगळा काढला गेला. वसईच्या वाड्यांत आणि खाडीकाठी वाढलेल्या माणसाला तेथील पहिले आश्चर्य जंगलाचे वाटावे, पण आम्हांला ते वाटले नद्यांचे. नकाशा समोर धरला की सगळे पाणी दक्षिणेकडे ओढले जात असल्याचे दिसते. शिवनीकडून वैनगंगा उतरते, मुलताईकडून वर्धा येते. वाटेत ताडोब्याच्या जंगलातून आलेली अंधारी आणि धानोऱ्याकडची कठाणी वैनगंगेला मिळतात, तर चंद्रपूरची इरई वर्धेला. चपराळ्याच्या अभयारण्यापाशी वर्धा आणि वैनगंगा एक होऊन प्राणहिता हे नाव घेतात. प्राणहिता पुढे सुमारे ११३ किलोमीटर वाहून सिरोंचाजवळ गोदावरीत शिरते. पूर्वेला इंद्रावती ओडिशातून येते. भामरागडला तिला पर्लकोटा आणि पामुलगौतम भेटतात, आणि सोमनूरच्या संगमावर तीही गोदावरीचीच होते. महाराष्ट्राचा नकाशा टांगला की हा कोपरा आमच्या फळ्याच्या अगदी खाली उजवीकडे यायचा, आणि मागच्या बाकांवरील मुलांना तो दिसायचा नाही. तेथील मुलांना मात्र तेच घर होते.

चैत्र संपता संपता आम्ही पोहोचलो. माशांचे काम उन्हाळ्यात करायचे ते एवढ्यासाठी की नदी तेव्हा आपली गुपिते उघडी टाकते. पात्र वाळूचे होते, धार बारीक होते, आणि मोठे मासे उरतात ते डोहांत. डोह म्हणजे त्यांचा उन्हाळ्याचा निवारा. सहा-सात पुरुष खोल, काठाला काळा खडक, वर अर्जुनाची सावली. असे डोह मोजले की त्या नदीत पावसाळ्यापर्यंत कोण जिवंत राहील याचा अंदाज येतो.

मग केवळ डोहांवरच ठिपके का देऊ नयेत? गावात आम्ही कागद चुरगळला तेव्हा हाच प्रश्न एका तरुणाने विचारला. उत्तर आम्हांला शोधावे लागले नाही. ते वसईत लहानपणीच मिळाले होते. मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की आमच्याकडे वलगण चढायची. ओहोळ उलटे वाहू लागल्यासारखे मासे पाण्याच्या लोंढ्यावर चढत शेतांत येत, आणि आम्ही पोरे कंदील घेऊन बांधावर. आमच्या वाडीतील बावखलात मरळीची पिल्ले तांबूस पुंजका करून फिरत. ती आली कोठून, हे कुणी विचारीत नसे. ती दर पावसाळ्यात येत. पुढे शेजारची शेते बिनशेती झाली, ओहोळावर रस्ता आला, आणि बावखल तसेच राहूनही त्यात मासा चढेना. काही वर्षांनी ते बावखलही भरावाखाली गेले. वसईत अशी किती बावखले बुजली हे वाचकांना आमच्याहून अधिक ठाऊक आहे. आम्ही त्या तरुणाला एवढेच सांगितले की मासा डोहात राहतो, पण त्याचे बाळंतपण धानाच्या बांधीत किंवा डोंगरातल्या नाल्यात होते. तेव्हा नकाशात रंगवायचे तर सगळे पाणलोट रंगवावे लागते.

जगभरात आता ही पद्धत रूढ झाली आहे. संकटग्रस्त जीवांची लाल यादी करणारे शास्त्रज्ञ गोड्या पाण्यातील माशाचा मुलूख दाखविताना मोकळी रेघ ओढीत नाहीत. ज्या उपखोऱ्यात मासा सापडला, ते सबंध उपखोरे धारेपासून धारेपर्यंत रंगवितात. याच रीतीने पश्चिम घाटातील नद्यांचा मोठा आढावा २०११ साली प्रसिद्ध झाला. विदर्भाच्या या टोकाकडे तेवढे लक्ष गेले नाही. येथे वाघ आहे, रानम्हैस आहे, पत्रकार येतात ते त्यांच्यासाठी. माशाचे छायाचित्र काढायचे तर तो आधी बाहेर काढावा लागतो, आणि मग तो ताटातला दिसतो.

नावांचा घोळ हे या कामातील सर्वांत रंजक प्रकरण. नदीकाठच्या धिवर मंडळींचे एक नाव, माडियांचे दुसरे, आणि सिरोंचाकडे गेले की तेलुगूचे तिसरे. आपली मरळ तेथे कोर्रमीनू होते. रुंद जबड्याचा, लांब मिशांचा, अंगावर खवले नसलेला तो दांडगा मासा, ज्याला आपल्याकडे काही नद्यांवर शिवडा म्हणतात, तो तेलुगूत वालुगा. आणि त्याच्या वालागो या शास्त्रीय नावात हेच तेलुगू नाव दडले आहे. लाल यादीत तो आता संकटप्रवण गटात आहे. गोंडीत माशाला मीन म्हणतात हे ऐकून आम्हांला आमचे संस्कृतचे गुरुजी आठवले. मुलीने एका वहीत चित्रे काढून ठेवली होती. म्हातारी माणसे चित्र डोळ्यांपाशी नेत, मग शेपटीवर बोट ठेवून म्हणत, "ही येवढी लांब नसते जी." आणि मुलगी निमूटपणे शेपूट खोडून पुन्हा काढी. असे शास्त्र आम्हांला आवडते.

वहीतील एका चित्रापाशी मात्र सगळे थबकले. चपटे रुपेरी अंग, पुढे आलेला खालचा जबडा. सिलोनिया चिल्ड्रेनी. दख्खनच्या मोठ्या नद्यांखेरीज हा मासा जगात कोठेही नाही, आणि लाल यादीत त्याची नोंद संकटग्रस्त अशी आहे. कर्नल विल्यम सायक्स या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतील नमुन्यावरून त्याचे वर्णन केले. आज पुण्याच्या त्या पात्राकडे पाहून तेथे असा वाहत्या पाण्याचा शिकारी मासा राहत असेल यावर विश्वास बसत नाही. तेथे जमलेल्यांपैकी दोघांनी तो प्राणहितेत पाहिला होता. केव्हा? एकाने बोटे मोजली आणि आपल्या थोरल्या मुलाच्या लग्नाचे साल सांगितले. मुलगा शेजारीच बसला होता. त्याच्या कानांवरचे केस पांढरे झाले होते.

याच सायक्ससाहेबांचे या मुलखाशी आणखी एक नाते आहे. सिरोंचाजवळ प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे गाव आहे. तेथील चुनखडकात माशांचे ठसे मिळतात, ज्युरासिक काळातील, म्हणजे पंधरा कोटी वर्षांहूनही जुने. त्यांतील एक मासा सायक्स यांनी १८५१ साली लंडनच्या भूशास्त्रज्ञांपुढे ठेवला आणि एगर्टन यांनी त्याचे वर्णन केले. नाव दिले लेपिडोटस डेक्कनेन्सिस. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीही कोट्याच्या या खडकांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास केला. हिस्लॉप १८६३ साली टाकळघाटाजवळ पुराच्या पाण्यात घोड्यासह उतरले ते परत आले नाहीत. कोट्याचा एक ठसा आम्ही हातात घेतला होता. खवले अजून ओळीने होते. दगडातला मासा अशा रीतीने टिकतो आणि पाण्यातला जातो, हा विचार तेव्हा आमच्या मनात आला खरा, पण आमच्याबरोबरच्या शिपायाने तो दगड हातातून घेऊन पाठीला मळणी कशी असते हे दाखविले आणि विषय बदलला.

येथेच आणखी एक आठवण नोंदवितो. सुंदरलाल होरा हे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. हिमालयाकडील डोंगरी ओढ्यांतील माशांचे भाऊबंद थेट सह्याद्रीत कसे, या प्रश्नाने त्यांना पछाडले होते. मासा काही चालत जात नाही. होरांनी उपपत्ती मांडली की एके काळी विंध्य-सातपुड्याच्या रांगेने, ओढ्यामागून ओढा घेत, हे मासे पश्चिमेकडे सरकले. सातपुडा उपपत्ती म्हणून ती प्रसिद्ध झाली आणि पुढे तिच्यावर पुष्कळ वाद झाला. आम्ही वर्गात ती सांगत असू, ती खरी की खोटी यासाठी नव्हे, तर नदीचा नकाशा हा एखाद्या जीवाचा प्रवासवृत्तान्त असू शकतो, हे मुलांना कळावे म्हणून. वैनगंगा त्याच सातपुड्यातून उतरते.

आता प्रवास थांबत चालला आहे. वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. खाली चामोर्शीच्या बाजूला चिचडोहचा बंधारा आहे. प्राणहिता गोदावरीस मिळाल्यावर लगेच खाली तेलंगणाने मेडीगड्डा येथे ८५ दरवाजांचा बंधारा घातला. जून २०१९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले, सिरोंचाच्या काठावरील शेतांत त्याचे पाणी चढले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. शेतकऱ्यांचे हाल वर्तमानपत्रांत आले. माशांचे येण्याचे कारण नव्हते. गोदावरीतील मोठी कोळंबी गोड्या पाण्यात वाढते, पण तिच्या अळ्यांना खाडीचे मचूळ पाणी लागते. पिल्ले मग प्रवाहाविरुद्ध परत वर चढतात. अहीर तर त्याच्या उलट. तो जन्मतो समुद्रात आणि मोठा होतो डोंगरातल्या डोहात. यांना सारा रस्ता मोकळा हवा. हे दुखणे नवे नाही. राजमहेंद्रीखाली दवळेश्वरमचा बंधारा आर्थर कॉटन यांनी १८५२ साली पुरा केला, तेव्हाच हिलसा माशाचा वरचा रस्ता अडला. फ्रान्सिस डे या मद्रास सैन्यातील डॉक्टरांनी १८७३ सालच्या आपल्या अहवालात बंधारे, बारीक आसाची जाळी आणि विष कालवणे या तिन्हींविषयी सरकारला लिहिले होते. धानाला पाणी हवे, हे आम्ही नाकारीत नाही. शेतकऱ्याच्या घरी जेवून बंधाऱ्याला शिव्या देणे आम्हांला जमत नाही. परंतु बंधारा बांधताना मासा कोठून जाईल, हे विचारायला कुणी बसलेले नसते.

तलावांची गोष्ट थोडी आशेची आहे, म्हणून सांगून पुढे जातो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक जुने मालगुजारी तलाव आहेत. मालगुजारी गेली आणि ते सरकारी ‘मामा तलाव’ झाले, म्हणजे माजी मालगुजारी. त्यांत बाहेरचे भराभर वाढणारे मासे सोडले गेले, पाणवनस्पती काढल्या गेल्या, आणि देशी लहान मासे दिसेनासे झाले. भंडाऱ्याकडे मनीष राजनकर यांनी धिवर मंडळींना बरोबर घेऊन उलटी वाट धरली. तलावात आधी पाणवनस्पती पुन्हा लावायच्या, मग मासा. कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते हे पुस्तकातून नव्हे, तर मासे मारणाऱ्या वयस्कर माणसांकडून लिहून घेतले गेले.

आता आमचे ते कारण.

१९९२ च्या उन्हाळ्यात आम्ही शाळेच्या मुलांना घेऊन एका लहान नदीच्या काठी सहलीला गेलो होतो. तिचे नाव येथे लिहीत नाही. वाकणावर एक डोह होता. काठावरच्या गावाचा असा रिवाज होता की होळीपासून पहिल्या पुरापर्यंत त्या डोहात जाळे टाकायचे नाही. कुणी पाहुणा आला तरी नाही. सकाळी खडकावर बसलो तर खाली महाशीर फिरताना दिसत. मोठाले, तांबूस-सोनेरी, पोराच्या तळहाताएवढ्या खवल्यांचे. आम्ही भारावून गेलो. परत आल्यावर एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीसाठी लेख लिहिला. नदीचे नाव, गावाचे नाव, सडकेपासून किती मैल, कोणत्या बाजूने उतरायचे, सर्व काही. भूगोलाच्या शिक्षकाला स्थान अचूक सांगितल्याखेरीज चैन पडत नाही. लेखाचे कौतुक झाले. आम्ही तो कापून वहीत चिकटविला.

पुढल्या उन्हाळ्यात जीपमधून माणसे आली. त्यांनी जिलेटिनच्या कांड्या डोहात टाकल्या. १८९७ च्या कायद्याने पाण्यात स्फोटके फोडून किंवा विष कालवून मासे मारणे गुन्हा आहे. त्या जंगलात तो सांगणार कोण आणि कुणाला? वर आले तेवढे मासे त्यांनी नेले. अशा वेळी वर येतात त्यांहून अधिक तळाशी जाऊन पडतात. आम्हांला हे कळले ते एका विद्यार्थ्याकडून, वर्ष संपता संपता, आणि त्याने अगदी सहज सांगितले की त्या माणसांच्या हातात वर्तमानपत्राचे कात्रण होते. त्याच साली आमची वसईला बदली झाली. आम्ही त्या गावी गेलो नाही.

मुलीच्या नकाशातील सतरा डोहांत तो डोह होता. तिला आमची कथा ठाऊक नव्हती. तिने तो अकराव्या क्रमांकावर घेतला होता, खोली आणि काठाचे वर्णन यांसह, आणि पुढे ‘महाशीर’ लिहून प्रश्नचिन्ह घातले होते.

गावाची सभा शाळेच्या पडवीत भरली. चुरगळलेला कागद, शाई, पोरांचा गलका हे सर्व यथासांग झाले. मग मुलीने नकाशा पसरला आणि डोहांची नावे वाचू लागली. अकरावे नाव आल्यावर मागे खांबाला टेकलेले एक म्हातारबा बोलले, "बाई, ते नको लिवू." तिने कारण विचारले. ते काही वेळ आमच्याकडे पाहत राहिले. "तुमीच ना जी ते मास्तर? पोरं घेऊन आलते?"

आम्ही उभे राहिलो. जे घडले ते आम्ही सांगितले. लेखाचे, कात्रणाचे आणि नंतर न आल्याचे. आमच्या लेखामुळेच ती माणसे आली याला न्यायालयात टिकेल असा पुरावा नाही, हे वाक्य आम्ही गाडीत मनाशी जुळवून ठेवले होते. ते आम्ही उच्चारले नाही. सभेत कुणी रागावले नाही, हे अधिक जड गेले. एक बाई उठून मुलांसाठी पाणी आणायला गेल्या. म्हातारबा म्हणाले, "वाम येते. मरळ येते. थे मोठी मासोळी मातर नाही आली जी मग." एवढेच. तीस वर्षांत एक मोठा पूरही येऊन गेला होता, पण वरून उतरायला वर कुणी राहिलेच नव्हते.

त्यानंतरचा वाद मात्र चांगला रंगला, आणि तो पुरता मिटला असे आम्ही म्हणणार नाही. मुलीचे म्हणणे असे की जे नकाशावर नाही ते सरकारदरबारी नाहीच. उद्या खाण निघाली, रस्ता आला, बंधारा ठरला आणि जनसुनावणी झाली, तर येथे काही नव्हते असेच लिहिले जाईल. ती चुकीचे बोलत नव्हती. सुरजागडच्या टेकड्यांतून लोहखनिज काढले जात आहे. त्या बाजूच्या गावांना नकाशाची किंमत कळली आहे. तिने आमच्याच जिल्ह्याचे उदाहरण दिले. वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात, शिवमंदिरापाशी महाशीर आहेत. सगळ्यांना ठाऊक आहेत, माणसे मुद्दाम पाहायला येतात, आणि म्हणूनच त्यांना हात लावण्याची कुणाची छाती होत नाही. महाडजवळ वाळणकोंडीलाही तसेच. तेथे उघडेपणा हेच राखण आहे.

म्हातारबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तिथं रातीला कोन रायते?" तिळशाला देऊळ आहे, वस्ती आहे, दुकाने आहेत. येथे डोह गावापासून दीड कोस, मध्ये जंगल. राखायला माणूस नाही. आम्ही केरळातील एका चिमुकल्या, तांबड्या पट्ट्याच्या माशाची हकीकत सांगितली. काचपेटीत पाळायला तो जगभर मागितला जाऊ लागला, ओढ्याओढ्यांतून धरून नेला गेला, आणि आज तो लाल यादीत संकटग्रस्त म्हणून आहे. म्हातारबांनी त्या माशाची लांबी विचारली. बोटभर आहे हे कळल्यावर सभेत पहिल्यांदा हशा झाला. एवढ्याशा माशासाठी विलायतेहून कोण येणार?

मार्ग कायद्यातूनच निघाला. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावाने आपल्या जीवसृष्टीची नोंदवही करायची आहे. ही कल्पना रुजविण्यात माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा आहे. त्या वहीतील माहिती गावाच्या समितीने सांभाळायची असते, ती चव्हाट्यावर मांडलीच पाहिजे असे नाही. कठाणीकाठच्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळविला, तेव्हापासून या पट्ट्यातील ग्रामसभांना कागद कोणता द्यायचा आणि कोणता पेटीत ठेवायचा याची चांगली जाण आली आहे. असे ठरले की सतरा डोहांची यादी नावांसह गावागावांच्या वहीत राहील. बाहेर जाणाऱ्या नकाशात डोह येणार नाहीत. ज्या पाणलोटांत ते आहेत ती संपूर्ण पाणलोटे एकाच फिकट निळ्या रंगाने भरायची. उद्या कुणी विचारले तर नदीत मासा आहे, हे त्यावरून सिद्ध होते. नेमका कोठे आहे, हे गाव सांगेल, वाटले तर. मुलीला हे पुरते पटले नाही. जाताना ती म्हणाली, "सर, शंभर चौरस किलोमीटर निळे केले की अधिकारी विचारतात, एवढ्या मोठ्या जागेत नेमके वाचवायचे काय?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही.

निघताना म्हातारबा आम्हांला डोहावर घेऊन गेले. त्यांनी स्वतःहून नेले. आम्ही विचारायला धजलो नसतो. खडक तेच होते. पाण्याला पूर्वीपेक्षा थोडा गढूळपणा वाटला, की आमच्या चष्म्याला, सांगवत नाही. आम्ही खडकावर बसलो. बराच वेळाने एक वाम दगडाच्या कपारीतून निघून पलीकडे गेली. "दिसली काय जी?" त्यांनी विचारले. आम्ही मान हलविली.

यंदा ज्येष्ठात, पावसाला पंधरा दिवस असताना, छापलेल्या नकाशाची गुंडाळी घरी आली. छपाई सुबक आहे. नदीची नावे मराठीत, खाली गोंडी आणि तेलुगू नावे; पाणलोटांचा निळा रंग डोळ्यांना शांत वाटतो. डोहांची चिन्हे नाहीत, कबूल केल्याप्रमाणे. आम्ही ओसरीवर नकाशा पसरला, चारही कोपऱ्यांवर पाट ठेवले आणि भिंग घेऊन ती नदी शोधली. वाकण सापडले. तेथे दोन्ही काठांच्या समोच्च रेषा एकमेकींना चिकटल्यासारख्या जवळ आल्या होत्या, आणि मधल्या पात्राची रुंदी एकदम वाढली होती. ज्याने आयुष्यभर असे नकाशे वाचले, त्याला तेथे काय आहे हे सांगायला चिन्हाची गरज नाही. आणि जीपमधून येणाऱ्यांतही आता नकाशा वाचणारे असतात.

त्याच रात्री आम्ही मुलीला पत्र लिहिले. पुढील प्रतींत त्या पानावरच्या समोच्च रेषा काढून टाकाव्यात, आणि पात्राची रुंदी सर्वत्र एकसारखी दाखवावी. केवळ त्याच जागेच्या रेषा पुसल्या तर ती कोरी जागाच बोट दाखवील, म्हणून साऱ्या पानावरच्या काढाव्यात. नकाशा त्याने कच्चा दिसेल, भूगोलाचे लोक नावे ठेवतील. ठेवू द्यावीत.